हद्दवाढीत हिंडलगा-कंग्राळी घ्यायच्या आधी वडगाव-शहापूरचं काय झालं ते बघा

वडगावचा शेतकरी
बेळगाव महापालिकेच्या हद्दवाढीची, म्हणजे हिंडलगा-कंग्राळीसारखी शेजारची गावं शहरात घ्यायची, चर्चा अधूनमधून निघतेच. माझा ठाम विरोध. शहापूर, वडगाव, अनगोळचा शिवार म्हणजे काळी, ओल धरणारी जमीन. बेळगाव बासमतीचं नाव या पट्ट्यानं केलं. गाव शहरात गेलं आणि तीच जमीन प्लॉट म्हणून मोजायला लागले. बळ्ळारी नाल्याकडेला भराव टाकले, आता नाला फुगला की भात पाण्याखाली कुजतो. हलगा-मच्छे बायपाससाठी उभ्या पिकात जेसीबी घातले. ग्रामपंचायत असती तर ग्रामसभेत ठराव तरी केला असता. महापालिकेच्या 58 वॉर्डांत शेतकऱ्याचं कोण ऐकूलालंय?

शहापूरची सून
भाऊ, बायपासच्या वाटेवर हलगा आणि मच्छेही आहेत की. तिथं शहर नव्हतं, तरी जमिनी गेल्याच. मग दोष हद्दीचा कसा?

आणि शहापूर काही बेळगावनं गिळलेलं खेडं नव्हे. बेळगाव इंग्रजांचं, शहापूर सांगली संस्थानचं. सराफांची, विणकरांची स्वतंत्र पेठ. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं, पण ओळख गेली नाही. बेळगावात रंग धुळवडीला खेळतात, आमच्याकडं आजही रंगपंचमीला. वडगावात मंगाईची यात्रा तशीच भरते. माग बंद पडले ते सुताचे भाव आणि सुरतेच्या साड्यांमुळं, महापालिकेमुळं नव्हे. घागर घेऊन विहिरीवर गेलेल्या बायकांना विचारा, नळ आला तेव्हा काय वाटलं.

हिंडलगेकर
पाण्याचं बोललात म्हणून सांगतो. राकसकोप जलाशयाचं पाणी आमच्या गावातल्या पंपिंग स्टेशनातून शहराला जातं. शहराला पाणी द्यायला आम्हाला आत जावं लागलं नाही. आमचा हक्क मागायलाच आत का जावं लागावं?

पण माझं खरं दुखणं भाषेचं. 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांचं स्मारक आमच्याच गावात आहे. इथं सभेत म्हातारा माणूसही उठून मराठीत दोन शब्द बोलतो आणि ते ऐकले जातात. महापालिकेत मराठी कागदासाठी वर्षानुवर्षं निवेदनं द्यावी लागतात.

शहापूरची सून
कागद पंचायतीतही कानडीतच येतो. बोलता येतं, हे मात्र कबूल. तेवढ्यासाठी गटारं उघडी ठेवायची का? तुमच्याकडं घरं शहरासारखीच वाढलीत, सांडपाणी जाणार कुठं?

हिंडलगेकर
गटारासाठी पंचायतीला निधी द्या. गाव कशाला मागता?

वडगावचा शेतकरी
वहिनी, हलग्याचा मुद्दा बरोबर आहे, ठरावानं सगळं थांबलं नसतं. पण आमच्या शिवारावर आरक्षण काय पडतं ते आम्हाला नकाशा छापल्यावर कळतं. आधी नाल्याकडेचा भराव काढा, उरलेली भातशेती शेती म्हणूनच राहील असं विकास आराखड्यात लिहून द्या. मग हिंडलग्याच्या लोकांना त्यांच्या सभेत विचारा. तोवर माझं मत विरोधातच धरा.