मेंढरांना जंताचं औषध दोनदा पाजलं, फरक शून्य. मदत हवी आहे (तातडीने)

कुरणवाला
मंडळी, जरा लवकर सांगा. मेंढरं खंगत चाललीत. जंताचं औषध पाजलं, पंधरा दिवसांनी पुन्हा पाजलं, काही उपयोग नाही. काल एक गेली. चार-पाच जणींच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबतेय. याहून जालीम औषध कोणतं, तेवढंच हवंय. 'डॉक्टरला दाखवा' लिहू नका, ते मलाही कळतं.

माणदेशी
कोणतं औषध? किती मिली? मेंढरं किती? लेंड्या पातळ की घट्ट? चारता कुठं? आम्ही काय पंचांग उघडून सांगायचं?

कुरणवाला
तेच ते पांढरं, सगळे देतात ते. अल्बेंडाझोल, अडीच टक्क्यांचं. सरसकट ५ मिली. २२ होती, आता २१. काही माडग्याळ, बाकी दख्खनी. हगवण अजिबात नाही. चारतो कुरणात, आणि कुठं?

मोरपीस
दुकानातली औषधं सोडा. आमचे आजोबा पावसाळ्यात मोरचुदाचं पाणी पाजायचे. जंत साफ.

निवृत्त पशुवैद्य
मोरचूद देऊ नका. ते तांबं आहे आणि मेंढीला तांबं सोसत नाही. यकृतात साठत राहतं, वरून काही दिसत नाही, आणि एके दिवशी लाल लघवी, कावीळ, खेळ खलास. पूर्वी देत, कारण दुसरं काही नव्हतं.

मोरपीस
मग आजोबांची दीडशे मेंढरं जगली कशी?

निवृत्त पशुवैद्य
गेलेल्यांची वही ठेवली होती का त्यांनी?

योजनामित्र
धागालेखक, महामेष योजनेची माहिती घ्या. २० मेंढ्या आणि १ नर, ७५ टक्के अनुदान.

कुरणवाला
इथं आहेत ती मरताहेत आणि तुम्ही आणखी वीस गळ्यात घालताय!

लोकरवाली
अहो, ५ मिलीत काय होणार? अडीच टक्के म्हणजे एका मिलीत २५ मिलिग्रॅम. मेंढीला किलोमागे साडेसात लागतं. तुमच्या ५ मिलीत जेमतेम १६-१७ किलोचं कोकरू भागेल. तीस किलोच्या मेंढीला ९ मिली, चाळीसच्या मेंढीला १२. अर्धा डोस म्हणजे जंतांना तालीम दिल्यासारखं, पुढच्या वेळी पूर्ण डोसही पचवतात. आणि गाभण किती आहेत? लागून महिना झाला नसेल त्यांना हे औषध द्यायचंच नसतं.
आधी एक करा. खालची पापणी ओढून आतला रंग बघा.

कुरणवाला
आत्ताच बघून आलो. सात जणींच्या कागदासारख्या पांढऱ्या. बाकीच्या गुलाबी. गाभण तीन-चार असतील, नक्की माहीत नाही. सकाळी सहाला सोडतो. तळ्याच्या काठाला मस्त लुसलुशीत गवत आहे, तिथंच दिवसभर.

माणदेशी
तळं!! हे पहिल्या ओळीत लिहायचं ना राव. तळं आलं की गोगलगायी आल्या, गोगलगायी आल्या की पर्णकृमी, म्हणजे पानासारखे चपटे जंत. यकृत पोखरतात, जबड्याखाली पाणी उतरतं. माझी नऊ मेंढरं अशीच गेली. डोळे झाकून ऑक्सिक्लोझानाइड पाजा.

निवृत्त पशुवैद्य
डोळे झाकून नको, पापण्या उघडूनच ठरवू. पाणी पर्णकृमीतच नाही, रक्त पिणाऱ्या जंतांतही उतरतं. हगवण नाही, पापण्या पांढऱ्या, दिवस पावसाळ्याचे. माझा संशय हिमाँकसवर, म्हणजे चौथ्या पोटात बसून रक्त पिणारा जंत. मेलेली उघडून पाहिली का?

कुरणवाला
नाही. पुरली.

निवृत्त पशुवैद्य
तिथंच उत्तर होतं. चौथ्या पोटात दोऱ्यासारखे लालसर जंत वळवळताना नुसत्या डोळ्यांनी दिसतात. एकेक जंत रोज ०.०५ मिली रक्त ओढतो. हजारभर असले तर हिशेब करा. मादी दिवसाला हजारो अंडी टाकते. उबदार ओलीत आठवड्याभरात त्यांच्या अळ्या तयार होतात आणि दवाच्या ओलाव्यावर गवताच्या पात्यावर चढतात. तुम्ही सहाला सोडता, म्हणजे ऐन पंगतीला. दव वाळल्यावर सोडा, गवत चार बोटांखाली कुरतडू देऊ नका, जागा बदलत राहा.
औषधही सरसकट नको. पापणीच्या रंगाचा १ ते ५ असा तक्ता दक्षिण आफ्रिकेत तयार झालाय, फामाचा म्हणतात. ४ आणि ५ ला द्यायचंच, बाकी लाल-गुलाबी असतील त्या सोडायच्या. सगळ्यांना पाजलं की औषधाला न दबणारेच जंत मागं उरतात आणि कुरण त्यांच्या नावावर होतं.

माणदेशी
म्हणजे जंत राखायचे? छान! आमच्याकडे अख्ख्या वाड्याला एका दिवसात पाजतात.

लोकरवाली
आणि मग तीन वर्षांनी 'औषध बोगस निघालं' म्हणतात.

योजनामित्र
माडग्याळचा जातिवंत नर सध्या कितीला जातो?

कुरणवाला
कृपया विषयाला धरून. ताज्या लेंड्या घेऊन उद्या दवाखान्यात जातोय. झालं समाधान?

*(सहा दिवसांनी)*

कुरणवाला
रिपोर्ट आला. गोल जंतांची (हिमाँकस त्यातलाच) अंडी भरमसाट, पर्णकृमीची दिसली नाहीत. डॉक्टरांनी सातही जणींना वजन करून क्लोझँटेल दिलं. वजनं बघून मीच चाट पडलो, जिला पंचवीसची समजत होतो ती अडतीसची निघाली. एक त्याच रात्री गेली, उशीर झाला होता. सहा खाताहेत, दोघींची पिशवी ओसरली. आता नऊनंतर सोडतो, तळ्याकडे नेत नाही. घरचे म्हणतात, मेंढक्यापेक्षा उशिरा उठणारी मेंढरं.

माणदेशी
पर्णकृमीची अंडी एका तपासणीत सापडतीलच असं नाही. महिन्याने पुन्हा लेंड्या द्या. आणि मी तळं म्हणालोच होतो.

निवृत्त पशुवैद्य
पुन्हा तपासणी कराच. माणदेशींशी इथं माझं एकमत.

नवाशेळीवाला
माझ्या शेळ्यापण खंगल्यात. हेच औषध मेंढीच्याच मापात दिलं तर चालेल का? लवकर सांगा.

लोकरवाली
मेंढीचं माप शेळीला डोळे झाकून लावू नका. किती शेळ्या? वजन? आधी काय पाजलंत? आणि तळं आहे का?