किडनीत ३.५ सेंमीची गाठ, पुढे काय?

प्रश्न (सोलापूर): वडील ६२ वर्षांचे, शुगर आहे. सोनोग्राफीत उजव्या किडनीत ३.५ सेंमीची घट्ट गाठ निघाली. दुखत काहीच नाही. बायोप्सी करायची का?

उत्तर: न दुखणं इथे भरवशाचं नाही. आधी क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ततपासणी), मग कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन काढलेला सीटी स्कॅन). मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) चालू असेल तर सीटीवाल्यांना आधीच सांगा. कॉन्ट्रास्ट दिल्यावर गाठीचा हाउन्सफिल्ड आकडा (सीटीवर दिसणारी घनता) २० किंवा जास्त वाढला, तर ती नुसती पाण्याची गाठ नव्हे.

उत्तर: बायोप्सी दरवेळी लागत नाही. ४ सेंमीपर्यंतची, किडनीपुरतीच गाठ कॅन्सरची निघाली तर ती टी१ए, म्हणजे सुरुवातीचा टप्पा. शक्यतो तेवढाच भाग काढतात. शुगरवाल्याला उरलेली किडनी लाखमोलाची, म्हणून फक्त गाठीचा भाग काढता येईल का, हे युरोसर्जनला (मूत्रमार्ग-किडनीचे सर्जन) स्पष्ट विचाराच.

उत्तर: लघवी एकदा जरी लाल झाली, तरी ‘उन्हाळी लागली’ म्हणून सोलापूरच्या उन्हावर ढकलू नका. रक्त आपोआप थांबतं, गाठ तशीच राहते.