फाशांनी घात केला की साथ दिली? तुमचे अनुभव लिहा

परवा पार्ल्यात मित्राकडे रिस्क (जगाच्या नकाशाच्या पटावर सैनिक मांडून फाशांनी देश जिंकायचा खेळ) खेळत होतो. सियाममध्ये माझे ९ सैनिक, शेजारच्या इंडोनेशियात त्याचे ५, अख्खा ऑस्ट्रेलिया खंड ताब्यात असल्याचा त्याचा दर फेरीचा २ सैनिकांचा बोनस तोडायचा म्हणून घुसलो. पहिलंच दान मला ६-५-२ पडलं, एवढं भारी, आणि त्याला ६-५! सहाशी सहा, पाचाशी पाच, दोन्हीकडे बरोबरी, बरोबरीत बचाववाला जिंकतो, माझे दोन गेले. असं होत होत शेवटी सियाममध्ये माझा एकच उरला. अजून डोक्यातून जात नाहीये. तुमच्या बाबतीत असं झालंय का? सविस्तर लिहा.

~

वाईट वाटलं वाचून. पण ९ वर ५ हा हल्ला चुकीचा नव्हता हं. मी गोरेगाव-चर्चगेट जाता-येता आठवडाभर वहीत हे मांडत बसलो होतो. तीन फासे विरुद्ध दोन म्हणजे ७७७६ शक्यता, त्यात २८९० वेळा हल्लेवाला दोन्ही मारतो, २२७५ वेळा दोन्ही गमावतो, बाकी २६११ वेळा एकेक जातो. तिसऱ्या फाशामुळे बरोबरीचा तोटा भरून निघतो, पण अगदी थोडक्यात.

~

आमच्या गिरगावच्या चाळीत गणपतीत जागरणाला मांडवात रिस्क निघायचा, पहाटे चारपर्यंत चालायचा. एक काका सीमेवर कायम दोन सैनिक ठेवायचे, एकटा कधीच नाही, आम्हाला वाटायचं काका घाबरतात. नंतर कळलं, तीन फाशांपुढे एकटा सैनिक मरायची शक्यता जवळजवळ ६६ टक्के असते. फासे सतरंजीवर टाकायचो, घडीत फासा तिरका अडकला की भांडणं, म्हणून काकांनी घरून स्टीलच्या डब्याचं झाकण आणलं, झाकणात पडेल तेच दान, बाहेर उडालं की परत टाका. तो खणखणाट अजून कानात आहे. काका गेल्या वर्षी गेले.

~

मला खात्री होती की मोबाईलवरचा गेम मुद्दाम मलाच हरवतो. नवरा म्हणाला लिहून ठेव. महिनाभर प्रत्येक दान लिहिलं तेव्हा दिसलं की चांगली पडलेली दानं मी विसरूनच जात होते, लक्षात राहायची ती फक्त हरलेली.

~

माझा नियम सांगतो. हल्ला करताना ३ उरले की थांबायचं, कारण मग दोनच फासे मिळतात आणि समोर दोन असतील तर दोन्ही गमवायची शक्यता ४५ टक्क्यांच्या आसपास जाते. आणि एकास एक फासा असेल तर हल्लेवाला ३६ पैकी १५ वेळाच जिंकतो. दहावीपासून खेळतोय, राग आला की हे विसरतोच माणूस, म्हणून पटाच्या कडेला पेन्सिलीने लिहूनच ठेवलंय.

~

सगळ्यांचे आभार, अगदी मनापासून. आत्ता आठवतंय, माझे ३ उरले होते तेव्हा त्याचे २ होते, आणि मी तरीही टाकलं, तिथेच दोन्ही गेले. रविवारी परत बसतोय. आईकडून डब्याचं झाकण मागून घेतलंय.