विंडोज एक्स्टेंशन लपवतं कशाला?

झेरॉक्सवाला:
माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. भरतीच्या पोर्टलला सही जेपीजीत हवी असते. पोरं पीएनजीचं नाव बदलून 'सही.जेपीजी' करतात, खरं शेपूट, म्हणजे एक्स्टेंशन (नावाच्या शेवटी टिंबानंतरची, फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरं), लपलेलं, त्यामुळे फाइल होते 'सही.जेपीजी.पीएनजी'. पोर्टल नाकारतं, बोलणी मी खातो. विंडोज ११ मध्ये शेपूट दाखवायचं सेटिंग कुठे दडवलंय?

कळफलक:
एक्सप्लोरर उघडा, व्ह्यू, शो, मग फाइल नेम एक्स्टेंशन्स. दहामध्ये व्ह्यू टॅबवरच टिकचा चौकोन होता. प्रत्येक यूजर अकाउंटला वेगळं करावं लागतं, बरं का.

जुनाखोड:
ही लपवाछपवी विंडोज ९५ पासूनची. मे २००० मधला 'आय लव्ह यू' व्हायरस आठवतो? अटॅचमेंटचं नाव 'लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस'. शेवटचं व्हीबीएस, म्हणजे उघडताच चालणाऱ्या स्क्रिप्टचं शेपूट, लपलेलं, म्हणून साधी टेक्स्ट फाइल समजून लोकांनी बिनधास्त उघडली. एवढं होऊनही डीफॉल्ट तेच!

झेरॉक्सवाला:
कळफलक, सापडलं, आभार. पण आता नाव बदलताना पोरं शेपूटच उडवतात. फाइल निकामी होईल असं विंडोज बजावतं, पण वाचतो कोण? यस दाबून मोकळे.