स्टेप शाफ्टच्या ड्रॉइंगवर लांब्या कुठून द्याव्यात? मदत हवी आहे

मंडळी, पाच पायऱ्यांचा (वेगवेगळ्या व्यासांचा) शाफ्ट आहे: लांब्या 40, 15, 60, 15, 35 (सगळी मापं मिमीमध्ये). दोन्ही 15 च्या पायऱ्यांवर 6205 बेअरिंग, म्हणून व्यास 25 के6 (म्हणजे व्यासात चालणारा फरक +0.015/+0.002). लांब्या साखळीसारख्या एकामागून एक दिल्या तर आयएसओ 2768-एम (वेगळी टॉलरन्स न दिलेल्या मापांसाठीचं सर्वसाधारण मानक) प्रमाणे एकूण 165 मध्ये ±1.3 चा फरक साचू शकतो. तीच 165 थेट दिली तर ±0.5. पण दोन्ही एकदम देता येत नाही, एक लांबी मोकळी सोडावी लागते. इथे शेवटची 35 सोडून, 60 ±0.05 थेट देऊन बाकीची मापं डाव्या शोल्डरपासून (पायरीच्या उभ्या कडेपासून) घेतली आहेत. टर्नरला मात्र टोकापासूनच मापं सोयीची पडतात. कोणाचं ऐकावं?

दुसरं, 20 व्यासावरच्या 6 रुंद चावीच्या खाचेची खोली 3.5 न लिहिता शाफ्टच्या विरुद्ध बाजूपासून 16.5 दिली आहे, कारण वरची कड कापली गेली की 3.5 मोजायचं कुठून? हे बरोबर ना?

आणि रनआउट (शाफ्ट फिरवल्यावर पृष्ठभाग किती हलतो ते) 0.02 साठी डेटम, म्हणजे मोजण्याचा आधार, दोन्ही बेअरिंग सीट (ए-बी) धरावेत की टोकांवरचे सेंटर होल? ग्राइंडिंग सेंटरवर होणार, तपासणी व्ही-ब्लॉकवर. घोळ इथेच आहे.