आईच्या उदासीला हार्मोनच्या गोळ्या?

प्रश्न (परभणी): आई ६८ वर्षांची. पाळी जाऊन जमाना झाला. दिवाळीपासून उगी बसून राहती, भाकरी अर्धीच टाकून उठती. शेजारच्या मावशी म्हणतात, हार्मोनच्या गोळ्या दे. देऊ का?

उत्तर (लातूर): आपल्या मनानं तर बिलकुल नको! साठीनंतर इस्ट्रोजेन (या गोळ्यांतलं बाईचं हार्मोन) नव्यानं चालू केलं तर पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका वाढतो; उदासीवर भरवसाही नाही. आधी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करून घ्या. आमच्या सासूबाईंचं थायरॉईडच निघालं.

उत्तर (बीड): डॉक्टरांनी उदासीची गोळी दिली तर गुण यायला चार-सहा आठवडे लागतात, मधेच सोडू नका. या वयात त्या गोळीनं रक्तातलं सोडियम (मिठातला क्षार) उतरू शकतं. चक्कर आली, बोलण्यात गोंधळ वाटला तर लगेच रक्त तपासा.

प्रश्नकर्ती: उद्याच नेते. मावशींना काय सांगू, ते मात्र कुणीच सांगितलं नाही!