काळ्या आयपीएला जळक्या कॉफीची चव का येते?

प्रश्न: काळी आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची काळी बिअर केली. २० लिटरच्या बॅचला ५ किलो पेल माल्ट (मोड आणून वाळवलेलं फिकट बार्ली), ४०० ग्रॅम भाजलेलं बार्ली. ६६ अंशांवर तासभर मॅश, म्हणजे धान्य गरम पाण्यात मुरवणं. रंग झकास, पण घशाशी जळकट कडवटपणा राहतो आणि हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) वास दबतो. हॉप्स वाढवू का?

उत्तर १: हॉप्सना हात लावू नका, दोष बार्लीचा आहे. त्याऐवजी साल काढलेलं काळं माल्ट ३०० ग्रॅम घ्या, काराफा स्पेशल ३ चालेल. तेही सुरुवातीपासून नको. मॅशची शेवटची १५ मिनिटं उरली की वरून पसरून हलवा. रंग पुरेपूर उतरतो, राखेची चव नाही.

उत्तर २: मॅशचा पीएचही (आम्लता) मोजा. काळं धान्य तो खाली ओढतं, पाणी मऊ (कमी क्षारांचं) असेल तर जास्तच. ५.३ ते ५.४ ठेवा. मॅशनंतर धान्य धुवायचं पाणी ७७ अंशांपुढे गेलं की सालीतला तुरटपणा उतरतो.

उत्तर १: हो, ते राहिलंच. आणि ६० मिनिटं उकळायचे हॉप्स थोडे कमी करा, तेवढे गॅस बंद केल्यावर ८० अंशांना २० मिनिटं मुरवा. किण्वन संपल्यावर १०० ग्रॅम हॉप्स न उकळता थेट बिअरमध्ये टाका (ड्राय हॉप), तीनच दिवस. झाकण सारखं उघडू नका. हवा लागली की वास आधी जातो.